कॉपीराइटचा वाद आणि तुटपुंजा खिसा : स्वतंत्र कलाकारांसाठी पहिल्या पायऱ्या

शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि गोदामात पडून राहिलं. १९९२ मध्ये त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. निकाल त्यांच्या बाजूने लागला. ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले भाग परत, असा आदेश झाला. तोवर २००५ साल उजाडलं होतं. कलाकाराच्या नैतिक हक्कांचा, म्हणजे कामावर आपलं नाव राहावं आणि त्याची मोडतोड होऊ नये या हक्कांचा, विषय निघाला की हा निकाल आवर्जून सांगितला जातो, आणि सांगायलाच हवा. पण एकट्याच्या बळावर काम करणाऱ्याने त्या निकालातली तेरा वर्षंही नीट वाचली पाहिजेत.

आपली बाजू कायद्याने बरोबर असणं वेगळं आणि ती शेवटपर्यंत लढवणं परवडणं वेगळं. कॉपीराइटचे बहुतेक वाद या दुसऱ्या गोष्टीवर मिटतात. ज्याच्याकडे पगारी वकील आहेत तो थांबू शकतो, ज्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचंय तो थांबू शकत नाही. म्हणून चित्रकार, छायाचित्रकार, संगीतकार, लेखक, छोट्या फिल्म करणारे, अशा कुठल्याही कंपनीचं पाठबळ नसलेल्या सर्वांना माझं एकच सांगणं आहे : वाद स्वस्तात कसा लढता येईल याची तयारी वादाच्या आधी करा. ती कशी करायची, हे क्रमाने सांगतो. कायदा देशागणिक बदलतो. इथे मुख्यतः भारत, अमेरिका आणि ब्रिटन यांचे दाखले आहेत. तुमचं प्रकरण जिथलं असेल तिथला नियम वेगळा तपासा.

आधी हे समजून घ्या : पैसा जातो कुठे

नवख्या माणसाला वाटतं, खर्च म्हणजे वकिलाची फी. ती असतेच, पण ती एकरकमी नसते. नोटिशीचं उत्तर, दाव्याचा मसुदा, अंतरिम अर्ज, साक्षीपुरावा, प्रत्येक तारीख, मग अपील, असे एकेक टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा आकडा असतो. संगीताच्या दाव्यात दोन चाली किती सारख्या आहेत हे सांगायला तज्ज्ञ लागतो; त्याच्या अहवालाचे पैसे वेगळे.

त्याहून मोठा खर्च कुठल्याही बिलात दिसत नाही. समोरच्याने अंतरिम मनाई हुकूम मिळवला तर निकाल लागेपर्यंत तुमचं काम विकता येत नाही, दाखवता येत नाही, प्रसारित करता येत नाही. वादात अडकलेल्या कामाला वितरक आणि प्रकाशक हात लावत नाहीत. म्हणजे खर्च सुरू आणि आवक बंद. शिवाय कागद शोधण्यात, वकिलाकडे खेपा घालण्यात आणि रात्री जागण्यात जो वेळ जातो, तो नव्या कामाचा असतो.

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा की नाही, हेही देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये साधारणपणे द्यावा लागतो. २०२२ मध्ये गायक एड शीरन यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात खटला जिंकला, तेव्हा त्यांच्यावर उचलेगिरीचा आरोप करणाऱ्या गीतकारांना खर्चापोटी ९ लाख पौंडांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश झाला. वाद होता गाण्यातल्या एका छोट्या तुकड्याचा. अमेरिकेत सहसा ज्याचा त्याने खर्च सोसायचा असतो, पण कॉपीराइटच्या दाव्यात हरलेल्याने दुसऱ्याच्या वकिलाची फी द्यावी असा आदेश न्यायालय देऊ शकतं. दावा लावण्याआधी, ‘हरलो तर काय?’ हा प्रश्न वकिलाला स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आणि कोर्टात जायचं की नाही, हे नेहमी तुमच्या हातात असेलच असं नाही. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेलं गायक प्रिन्सचं छायाचित्र १९८४ मध्ये एका मासिकाला चित्राचा आधार म्हणून ४०० डॉलरला, एकदाच वापरण्यासाठी दिलं गेलं होतं. मासिकासाठी ते चित्र करणारे चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी त्या छायाचित्रावरून आणखी चित्रं केली होती, हे गोल्डस्मिथ यांना २०१६ मध्ये कळलं. त्यांनी वॉरहॉल फाउंडेशनकडे विचारणा केली आणि २०१७ मध्ये फाउंडेशनच आधी न्यायालयात गेलं. गोल्डस्मिथ यांना लढण्यासाठी लोकांकडून वर्गणी मागावी लागली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. आपण फक्त विचारणा केली, भांडण कुठे केलं, असं वाटत असताना खटला दारात येतो तो असा.

पायरी पहिली : काम करतानाच पुरावा साठवा

कॉपीराइट कृती निर्माण होताच आपोआप मिळतो. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराला जोडलेल्या देशांमध्ये त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. त्यामुळे ‘नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मात्र हक्क असणं आणि तो सिद्ध करणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढायला पैसे लागतात. पुरावा जितका तयार, तितके वकिलाचे तास कमी.

काय साठवायचं? कच्ची रेखाटनं, थर (लेयर) न मिटवलेल्या मूळ फाइली, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ छायाचित्रं, गाण्याचे अर्धवट ध्वनिमुद्रित तुकडे, हस्तलिखितांचे टप्पे, सहकाऱ्यांशी झालेले ईमेल. अंतिम कृती कुणीही दाखवू शकतो. ती कुठल्या वळणांनी तिथे पोचली हे फक्त करणाराच दाखवू शकतो. शीरन यांनी त्या खटल्यानंतर सांगितलं की आता ते गाणी रचतानाची सगळी सत्रं चित्रित करून ठेवतात. तुमच्याकडे स्टुडिओ नसेल, पण फोन आहे. काम चालू असताना अधूनमधून टेबलाचा फोटो काढा आणि फाइलींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. स्वतःलाच बंद पाकीट टपालाने पाठवून ठेवायचं, हा जुना सल्ला अजून फिरतो. त्याच्या भरवशावर राहू नका. पाकीट आधी उघडं पाठवून नंतरही बंद करता येतं, हे न्यायाधीशांनाही कळतं.

नोंदणीचं गणित मात्र देश बघून करा. ब्रिटनमध्ये सरकारी नोंदणीच नाही. भारतात ती ऐच्छिक आहे, पण नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. अमेरिकेत ती कळीची आहे : तिथल्या कृतीबद्दल नोंदणी झाल्याशिवाय दावाच लावता येत नाही, हे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं. शिवाय चोरी होण्याआधी, किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत, नोंदणी केलेली नसेल तर कायद्यात ठरवून दिलेली भरपाई आणि वकिलाची फी मागता येत नाही. मग नुकसान प्रत्यक्ष किती झालं ते पैशात दाखवावं लागतं, आणि ते दाखवणं छोट्या कलाकाराला फार जड जातं. वाचायला ही बारीक तरतूद वाटते, पण वकील तुमचं प्रकरण हातात घेईल की नाही हे अनेकदा तिच्यावर ठरतं. तुमचं काम तिथे विकलं जात असेल तर नोंदणीची फी हा सगळ्यात फायद्याचा खर्च समजा.

पायरी दुसरी : सही करण्याआधी करार वाचा

दोन कलमांवर बोट ठेवा. पहिलं, हक्क कायमचे विकले जात आहेत की काही काळासाठी वापरायला दिले जात आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. पण करारात ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ असे शब्द असतील तर या तरतुदीचा उपयोग नाही.

दुसरं कलम नुकसानभरपाईच्या हमीचं. त्याचा मथितार्थ असा असतो : या कामावरून कुणी दावा लावला तर आमच्या वकिलाचा खर्चही कलाकार देईल. मानधन थोडं आणि जबाबदारी अमर्याद, अशा या कलमावर नवे कलाकार न वाचता सही करतात. ते काढून टाका म्हणून सांगा. समोरचा तयार नसेल तर निदान दोन बदल मागा : तुमची जबाबदारी मिळालेल्या मानधनाइतकीच राहील, आणि तुम्ही जाणूनबुजून केलेल्या नकलेपुरतीच राहील. मागितल्यावर हे बदल मिळतात. मागायचा संकोच सोडावा लागतो.

दुसऱ्याचं काही वापरत असाल, मग तो फाँट असो, साठ्यातलं (स्टॉक) चित्र, तालाचा तुकडा किंवा जुनं ध्वनिमुद्रण, तर परवान्याची पावती आणि त्या दिवशीच्या अटींची प्रत कामाच्या फोल्डरमध्येच टाका. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गाण्याच्या रचनेचा हक्क वेगवेगळे असतात, हे विसरू नका. नीना पेली यांनी जवळजवळ एकहाती केलेल्या रामायणावरच्या ॲनिमेशनपटात १९२० च्या दशकातली ध्वनिमुद्रणं आहेत. मुद्रणं मोकळी होती, पण रचनांचे हक्क जिवंत होते. हक्कधारकांची सुरुवातीची अपेक्षा २ लाख डॉलरच्या पुढे होती. शेवटी सुमारे ५० हजार डॉलरवर मिटलं आणि त्यासाठी त्यांना कर्ज काढावं लागलं. परवानगीची चौकशी काम सुरू करतानाच करा. काम पूर्ण झाल्यावर भाव समोरचा ठरवतो.

पायरी तिसरी : नोटीस आली, पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

आधी हातात काय आलंय ते ओळखा. वकिलाचं पत्र, एखाद्या ऑनलाइन व्यासपीठाचा इशारा आणि न्यायालयाचं समन्स या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पत्रातली मुदत समोरच्याने स्वतः ठरवलेली असते. ती चुकल्याने तुम्ही आपोआप हरत नाही. समन्सची मुदत कायद्याची असते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात साधारण २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, भारतात ३० दिवसांत लेखी कैफियत. मुदतवाढ मिळू शकते, पण तिलाही कमाल मर्यादा आहे. समन्सकडे दुर्लक्ष केलं तर तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल लागतो. तुमची बाजू कितीही भक्कम असली तरी लागतो. पैसे नसतील तरी हजर राहा, लेखी मुदत मागा, पण गप्प बसू नका.

मग चार गोष्टी टाळा. काहीही मिटवू नका; फाइली आणि संदेश पुसणं हे पुरावा नष्ट करणं ठरतं आणि मूळ आरोपापेक्षा जास्त महाग पडतं. रागात फोन करू नका. समाजमाध्यमांवर लिहू नका, कारण तिथलं प्रत्येक वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. आणि ‘चुकून झालं, माफ करा’ असं लिहून देऊ नका. सभ्यपणा म्हणून लिहिलेली ती ओळ कबुली ठरू शकते.

आता पत्र शांतपणे वाचा. लिहिणारा कोण आणि हक्क त्याचाच असल्याचा पुरावा काय? कुठली कृती, कुठला भाग? तुम्ही ती पाहिली किंवा ऐकली होती, असं तो कशावरून म्हणतो? मागणी काय आहे, काम थांबवा, नाव द्या की पैसे द्या? पुष्कळ नोटिशींत यांपैकी दोन-तीन उत्तरं नसतातच. ती मागणं हा तुमचा हक्क आहे आणि ती मागणारं पत्र तुम्ही स्वतःही लिहू शकता. साधारण असं :

‘आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. त्यातील आरोप मला मान्य नाहीत. माझे सर्व हक्क अबाधित ठेवून मी पुढील माहिती मागत आहे : आपल्या अशिलाच्या मालकीचा पुरावा, मूळ कृतीची प्रत व तिच्या निर्मितीची तारीख, माझ्या कृतीतील नेमका कोणता भाग नक्कल असल्याचे आपले म्हणणे आहे, आणि मागितलेल्या रकमेचा हिशेब. ही माहिती मिळाल्यावर मी सविस्तर उत्तर देईन.’

याहून जास्त काही लिहू नका. शक्य असेल तर पाठवण्याआधी वकिलाला एकदा दाखवा. एका पत्रावर नजर टाकायची फी खटल्याच्या मानाने किरकोळ असते.

उत्तराची वाट पाहताना स्वतःच्या कामाकडे निर्दयपणे बघा. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली आहे त्या रूपावर असतो. भारतात १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर सांगितलं. आपल्या नाटकावरून चित्रपट केला असं नाटककाराचं म्हणणं होतं. प्रांतवादाचा विषय दोन्हींत होता, पण हाताळणी वेगळी होती, नाटककार हरला. चित्रपट आला होता १९५६ मध्ये. म्हणजे मूळ विषय कुणाच्याच मालकीचा नसतो हे ऐकायला त्या लेखकाला दोन दशकं थांबावं लागलं. दोन्ही बाजूंनी हा निकाल ध्यानात ठेवा : कुणी तुमच्यावर फक्त विषयसाम्याचा आरोप करत असेल तर घाबरू नका, आणि तुम्हीही तेवढ्यावर दावा लावायला निघाला असाल तर थांबा.

टीका, समीक्षा, विडंबन, अध्ययन यांसाठी मर्यादित वापराला बऱ्याच देशांत मुभा असते. पण अमेरिकेतलं ‘फेअर यूज’ आणि भारत-ब्रिटनमधलं ‘फेअर डीलिंग’ एकसारखं नाही, आणि ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कुठल्याच कायद्यात नाही. शिवाय हा बचाव बहुधा खटला उभा राहिल्यावरच उपयोगी पडतो. बचाव खरा असूनही तो सिद्ध करण्याचा खर्च तुमचाच, हे हिशेबात धरा.

रकमेचा आकडा बघून छातीत धडकी भरते, म्हणून त्याबद्दल थोडं अधिक. अमेरिकी कायद्यात दर कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई ठरवता येते. नोटिशींत नेमका हा शेवटचा आकडा ठळक असतो. तो कमाल आहे, नेहमीचा नव्हे. आणि तो कृतीमागे आहे, प्रतीमागे नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे वेळेत नोंदणी नसेल तर तो लागूच होत नाही. तेव्हा समोरच्याच्या नोंदणीची तारीख विचारा. तसं चित्र किंवा तुकडा रीतसर परवान्याने घ्यायला किती पडलं असतं ते शोधा. तडजोडीची बोलणी त्या आकड्यापासून सुरू व्हायला हवीत. खरोखरच विनापरवाना वापर झाला असेल तर वापर लगेच थांबवा आणि वाजवी रक्कम देऊन मोकळे व्हा. त्यात कमीपणा नाही.

भारतात दोन गोष्टी जास्तीच्या. कॉपीराइटचं जाणूनबुजून उल्लंघन हा फौजदारी गुन्हाही आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पोलिसांचा विषय निघाला तर स्वतः पत्रं लिहीत बसू नका, थेट वकील गाठा. दुसरी गोष्ट दिलासा देणारी : समोरचा तुम्हाला न कळवता मनाई हुकूम आणेल अशी भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करता येतं. ते ९० दिवस चालतं आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये यासाठी असतं. पुढच्या मोठ्या खर्चाच्या मानाने हे स्वस्त संरक्षण आहे, आणि फार थोड्या कलाकारांना त्याची माहिती असते.

पायरी चौथी : व्यासपीठावरून काम उतरवलं गेलं तर

अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट) या कायद्यामुळे तक्रार आली की मोठी व्यासपीठं आधी काम उतरवतात. तक्रार चुकीची आहे, काम परत लावा, असं सांगणारी प्रतिनोटीस तुम्ही देऊ शकता. तक्रारदाराने दावा लावला नाही तर १० ते १४ कामकाजी दिवसांत काम परत येतं. पण प्रतिनोटिशीत खरं नाव-पत्ता द्यावा लागतो, ती शपथेवर असते आणि तुम्ही अमेरिकेतल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करता. खात्री असेल तरच द्या. भारतात तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर उतरवलेलं साहित्य पुन्हा खुलं करता येतं.

यंत्राने आपोआप जुळवलेला दावा ही याहून वेगळी गोष्ट; त्याला व्यासपीठाच्या आतल्या पद्धतीने हरकत घ्यायची असते. दोन्हींत गल्लत करू नका.

चुकीच्या तक्रारीबद्दल समोरच्याला जाब विचारता येतो, पण त्याला किती वेळ लागतो ते बघा. २००७ मध्ये एका आईने आपल्या लहान मुलाचा नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, पार्श्वभूमीला गाणं वाजत होतं, आणि तो उतरवला गेला. तक्रार करण्याआधी फेअर यूजचा विचार केलाच पाहिजे, हे अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. प्रकरण तडजोडीने मिटलं २०१८ मध्ये. त्या बाईंना डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेचे वकील विनामूल्य मिळाले होते. नाहीतर इतकी वर्षं टिकणं एका घराच्या आवाक्यातलं नाही.

पायरी पाचवी : चोरी तुमची झाली असेल तर

राग येतो, यायलाच हवा. पण पत्र लिहिण्याआधी पुरावा पकडा : पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट, पत्ता, तारीख, शक्य असल्यास वस्तू विकत घेऊन तिची पावती. पत्र गेलं की पान गायब होतं.

त्यानंतर स्वतःला विचारा, मला हवंय काय? वापर थांबायला हवा, नाव हवं की पैसे? तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. नाव हवं असेल तर सभ्य पत्र पुरतं. वापर थांबवायचा असेल तर व्यासपीठाकडे तक्रार. पैसे हवे असतील तर पत्रासोबत नेहमीच्या दराचं बिल जोडा. ज्याचा ठावठिकाणा नाही, ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही किंवा जो तिसऱ्याच देशात बसला आहे, त्याच्यावर दावा जिंकूनही वसुली होत नाही. हे कठोर वाटेल, पण ज्याच्याकडून पैसे निघणार नाहीत त्याच्यावर एक तक्रार करून पुढच्या कामाला लागा.

रक्कम मध्यम असेल तर छोटे मंच शोधा. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने उभं राहिलेलं कॉपीराइट क्लेम्स बोर्ड जून २०२२ पासून चालू आहे. तिथे ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय, ऑनलाइन चालतात आणि अर्जाची फी दोन हप्त्यांत मिळून १०० डॉलर आहे. त्याची उणीव अशी की समोरचा ६० दिवसांत नकार देऊन बाहेर पडू शकतो. ब्रिटनमध्ये इंटेलेक्चुअल प्रॉपर्टी एंटरप्राइज कोर्टाचा छोट्या दाव्यांचा विभाग १०,००० पौंडांपर्यंतचे दावे ऐकतो आणि तिथे हरल्यावर अंगावर येणारा खर्चही फार मर्यादित असतो. भारतात असा खास मंच नाही. पण वाद व्यापारी न्यायालयात जाणार असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे. ती मनापासून वापरा. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. समोरच्याच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत.

मुदत विसरू नका. भारतात आणि अमेरिकेत साधारण तीन वर्षं, इंग्लंडमध्ये सहा. आणि मनाई हुकूम हवा असेल तर एवढंही थांबू नका. कळल्यावर महिनोन्महिने गप्प बसलेल्याला न्यायालय तातडीचा दिलासा द्यायला कचरतं.

पायरी सहावी : वकील परवडेल असा गाठा

वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊन सगळी हकिगत सांगत बसलात तर त्या बसण्याचे पैसे पडतात. दोन पानांचा घटनाक्रम तारखांसह लिहा, दोन्ही कृती शेजारी शेजारी ठेवा, करार आणि पत्रव्यवहार जोडा. पहिल्या भेटीत फक्त लेखी मत मागा : बाजू किती मजबूत, टप्प्यागणिक खर्च किती, तडजोडीचा आकडा काय असावा. फी टप्प्यावार ठरवून घ्या. निकालातल्या रकमेत वाटा घेऊन काम करण्याची सोय अमेरिकेत आहे. भारतात वकिलांना तसं करता येत नाही.

मोफत मदत आहे, पण ती शोधावी लागते. न्यूयॉर्कमध्ये १९६९ पासून व्हॉलंटियर लॉयर्स फॉर द आर्ट्स ही संस्था कलाकारांसाठी काम करते. ऑस्ट्रेलियात आर्ट्स लॉ सेंटर आहे. भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. ही मदत फक्त फौजदारी किंवा कौटुंबिक प्रकरणांसाठी असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. विधी महाविद्यालयांची मदत केंद्रं आणि लेखक-कलावंतांच्या संघटनाही विचारून पाहा. वाद नसताना घेतलेलं संघटनेचं सदस्यत्व वाद आल्यावर कामाला येतं.

एकाच कंपनीने अनेकांचं काम उचललं असेल तर एकत्र या. जानेवारी २०२३ मध्ये सॅरा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी चित्रं बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांवर अमेरिकेत सामूहिक दावा लावला. एकेकट्याला असा दावा पेलला नसता.

पायरी सातवी : कुठे थांबायचं ते आधी ठरवा

पहिलं पत्र पाठवण्याआधी, किंवा पहिल्या पत्राला उत्तर देण्याआधी, दोन आकडे कागदावर लिहा : जास्तीत जास्त किती पैसे घालवेन आणि किती महिने देईन. घरातल्या ज्यांच्यावर याचा भार पडणार आहे त्यांना ते दाखवा. वाद रंगात आला की आतापर्यंत इतके घातले, आणखी थोडे घालू, असं प्रत्येक तारखेला वाटतं. त्या वेळी हा कागद काढून बघा. मर्यादा वाढवायची असेल तर वाढवा, पण दुसऱ्या दिवशी, शांत डोक्याने.

तडजोड झाली तर ती लेखीच हवी. त्यात काय असावं : कुणीही दोष कबूल करत नाही, या कृतीबद्दलचे आजवरचे सगळे दावे संपले, रक्कम किती, हप्ते कधी, हप्ता चुकला तर काय, राहिलेल्या प्रतींचं काय करायचं, नाव द्यायचं असेल तर कुठे आणि कशा शब्दांत. गुप्ततेचं कलम असेल तर ते कुटुंब, वकील आणि कर सल्लागार यांना लागू नाही असं घालून घ्या. ते काम स्वतःच्या कामांच्या संग्रहात दाखवायची मुभा राहील, हे वाक्य आवर्जून मागा. ते न मागितल्याने स्वतःचंच चांगलं काम कुणाला दाखवता येत नाही. सही झाल्यावर मूळ प्रत, बँकेची पावती आणि सगळा पत्रव्यवहार त्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दाव्याची मुदत उलटेपर्यंत त्यातलं काही काढू नका.